न्यू जर्सीचे अण्णा

श्रीनिवास बेहेरे चोर आहे हे सुचेता ओगलेच्या गळी उतरायला वर्ष गेलं. चोर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो खिडकी फोडून आत शिरणारा. हा बेल वाजवून आला होता. सोबत बायको नीना, हातात हापूसची पेटी, अंगावर बँकेतला कोट. सोफ्यावर ऐसपैस बसून त्याने दोनदा चहा घेतला आणि म्हणाला, "सुचेता, तुझ्या हातात सोन्याची खाण आहे आणि तू ती चमच्याने उकरतेयस." अशा माणसाला चोर कोण म्हणणार? आपण तर त्याला डब्यात चिवडा घालून दिला.

त्याने काय चोरलं ते आधी सांगायला हवं.

सुचेता राहायची इंग्लंडात, रीडिंगला, लोअर अर्लीत. नवरा विनय सॉफ्टवेअरमध्ये. त्या भागात पुण्या-मुंबई-नागपूरकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांची घरं बक्कळ, आणि भाद्रपद आला की सगळ्या घरांत एकच रड. मूर्ती मिळते, मोदकांची पिठी मिळते, पण पूजा सांगायला माणूस नाही. एक गुरुजी लेस्टरला, त्यांना आधी तिथले गुजराती सोडायचे नाहीत. दुसरे हाउन्स्लोचे, ते फोनवर पूजा सांगायचे, दोन-दोन घरांना एकदम, स्पीकर लावून. एका घरी आचमन चाललेलं, दुसऱ्या घरी आरती. कोण काय करतंय ते देवालाच माहीत.

२००३ च्या उन्हाळ्यात सुचेताचे वडील, अण्णा, व्हिजिटर व्हिसावर आले. चिपळूणच्या पोस्टातून रिटायर झालेले आणि जन्मभर गावात सणासुदीला पूजा सांगत फिरलेले. लेकीने त्यांना वरच्या छोट्या खोलीत बसवलं, खिडकीवर दुलई टांगली, कॉम्प्युटरचा माइक पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, समोर कुणीतरी बसलंय असं समजून पूजा सांगा. त्याला काही म्हणजे काही येत नाही असं धरून."

"म्हणजे विनयराव बसलेत असं समजतो," अण्णा म्हणाले.

ती सीडी तशीच्या तशी राहिली. अण्णा अधूनमधून खोकतात. मध्येच शेजारचं कुत्रं भुंकतं आणि अण्णा म्हणतात, "हं, त्यालाही प्रसाद ठेवा." दुर्वांपाशी आले की म्हणतात, "दुर्वा नसतील तर मागल्या अंगणातलं गवत घ्या. आपण कुठे राहतो ते त्याला कळतं." आणि सगळ्यात शेवटी, क्षमा मागायची वेळ आली की आवाज थोडा खाली येतो. "आता हात जोडा. आपलं चुकलंमाकलं असेल त्याची क्षमा मागायची. आणि दुसऱ्याने आपलं काही वाकडं केलं असेल, तर तेही आज इथेच, देवापुढे सोडून द्यायचं. मनात घेऊन उठायचं नाही."

सुचेताने तेव्हा रेकॉर्डिंग थांबवून विचारलं होतं, "अण्णा, हे पोथीत कुठे आहे?"

"पोथीत नाहीये. असायला हवं होतं."

सीडी, हळदकुंकू, जानवं, कापसाची वस्त्रं, अष्टगंध, सुपाऱ्या, वाती, सगळं एका पेटीत. पेटीवर नाव 'अण्णाज पूजा'. पहिल्या वर्षी ओळखीत, दुसऱ्या वर्षी ओळखीच्या ओळखीत. लोक चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी फोन करायचे आणि पूजेबद्दल कमी, अण्णांबद्दल जास्त बोलायचे. बर्मिंगहॅमची एक बाई म्हणाली, कुत्र्याला प्रसाद ठेवा म्हटल्यावर आमचे हे रडले हो, गावी असंच चालतं ना.

मग आला श्रीनिवास. लंडनमध्ये ईलिंगला मोठं घर, सिटीतल्या बँकेत नोकरी, मराठी मंडळाचा खजिनदार. लिमिटेड कंपनी काढू म्हणाला. काढली. कागद त्यानेच आणले, साठ हिस्से त्याचे, चाळीस हिचे, कारण म्हणे 'बँकेला एक मेजॉरिटी लागते'. सुचेताने ओट्यावरचं पीठ पुसून तिथेच सह्या केल्या. आपल्यातलाच माणूस. आपल्यातला म्हटलं की आपण डोळे काढून त्याच्या हातात देतो, मग चाचपडत बसतो.

२००६ च्या मार्चमध्ये अण्णा चिपळूणला वारले. सुचेता तेराव्यानंतर परतली आणि त्याच आठवड्यात श्रीनिवासने ईलिंगच्या घरी 'बोर्ड मीटिंग' बोलावली. नीनाने ढोकळा केला होता. श्रीनिवासने लॅपटॉपवर नवी सीडी लावली. आधी तानपुरा, मग बासरी, मग मुंबईच्या स्टुडिओतला एक घोटीव आवाज. त्या आवाजाला ना खोकला होता, ना घर.

"क्वालिटी अपग्रेड," श्रीनिवास म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस, पण अण्णांचा आवाज जरा गावठी वाटतो गं. कुत्रं काय, गवत काय. आणि शेवटचं ते सोडून द्यायचं वगैरे, शास्त्रात नाही. नॉन-स्टँडर्ड आहे. ते काढलं."

सुचेताने ढोकळ्याची बशी खाली ठेवली. "मग नावही काढ."

"नाव? अगं, नाव हाच तर ब्रँड आहे."

"माझ्या बापाचं नाव आणि आत परका माणूस?"

"इमोशनल होऊ नकोस. आपण व्होट घेऊ."

साठ विरुद्ध चाळीस. महिन्याभरात तिला डायरेक्टरपदावरूनही काढलं, तेही तसंच, साठ विरुद्ध चाळीस, आणि नीनाने पुन्हा ढोकळा केला होता. मंडळाच्या कार्यक्रमात श्रीनिवास माइकवर म्हणाला, "अण्णा म्हणजे कुणा एकाचे अण्णा नव्हेत. प्रत्येक मराठी घरात एक अण्णा असतात." टाळ्या पडल्या. सुचेता तिसऱ्या रांगेत होती. तिला कळलं की हा माणूस तिच्या बापाला दुसऱ्यांदा मारतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत.

वकिलाने सांगितलं, बाई, नाव कंपनीचं आणि कंपनी त्याची. इंग्लंडात तुमच्या हाती काही उरलेलं नाही.

विनय भला माणूस. म्हणाला, "सोड ना. आपण दुसऱ्या नावाने सुरू करू."

"दुसरं नाव आणीन," सुचेता म्हणाली. "दुसरे अण्णा कुठून आणू?"

डिसेंबरात अर्चनाचा फोन आला. अर्चना म्हणजे मंडळाचा चालताबोलता नोटीसबोर्ड. कुणाच्या घरी काय शिजतंय ते शिजायच्या आधी तिला ठाऊक. "ऐकलंस का, श्रीनिवास अमेरिकेत चाललाय! न्यू जर्सीतल्या देशी किराणा दुकानवाल्यांशी बोलणं झालंय, सात-आठ ब्रँचेस आहेत त्यांच्या. पुढच्या गणपतीला माल तिथे. घर गहाण टाकलंय म्हणे. नीनाच सांगत होती, मागे घराला एक्स्टेन्शनपण काढतायत, शिवाय काचेची कन्झर्वेटरी."

"वा," सुचेता म्हणाली. "छान झालं." फोन ठेवला आणि लगेच न्यू जर्सीत, एडिसनला, मामेबहिणीला, मनीषाला लावला.

मनीषाकडे २००४ पासून दर वर्षी अण्णांच्या पेट्या जायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बॅगेतून, कापूर वगळून, कारण कापूर विमानात चालत नाही. मनीषा त्या तिथल्या मराठी शाळेत आणि घरून विकायची. सुचेताला कंपनीतून काढल्यावरही घरात उरलेल्या जुन्या पेट्या तिने एडिसनलाच धाडल्या होत्या. त्या पेट्यांत अण्णाच बोलत होते. कुत्र्यासकट.

"मने, अमेरिकेत हे नाव कुणाचं?"

"कुणाचंच नाही अजून. इथे प्रत्येक राज्याचं दप्तर वेगळं असतं. एका राज्यात कंपनी काढली म्हणजे पन्नास राज्यांत नाव मिळालं असं नसतं. दुसऱ्या राज्यात धंदा करायचा तर तिथे जाऊन परवानगी काढायची. आणि तिथे त्या नावाचा आधीच कुणी बसला असेल तर आपलं नाव बाहेर ठेवून आत जायचं."

"चपलेसारखं," सुचेता म्हणाली.

"अगदी."

त्या संध्याकाळी जेवताना विनयने विचारलं, "मग कंपनी कुठे काढणार? डेलावेअरला काढ. सगळे तिथेच काढतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"मोठ्या कंपन्या. आमचीपण तिथेच आहे."

"तुझ्या कंपनीला पैसेवाले पार्टनर आणायचेत, शेअर विकायचेत, त्यांना तिथली कोर्टं बरी पडतात. मला काय डेलावेअरला दुकान टाकायचंय? मला श्रीनिवासच्या वाटेत उभं राहायचंय. तो कुठून जाणार? न्यू जर्सीतून. मग मी डेलावेअरला जाऊन काय समुद्र बघत बसू?"

विनयने घास तसाच धरला. चौदा वर्षांच्या संसारात त्याने हा आवाज ऐकला नव्हता. मनीषाने आठवड्याभरात न्यू जर्सीत कंपनी काढली. नाव 'अण्णाज पूजा', मालक दोघी. सगळं राजरोस, कुणालाही बघता येईल असं. फक्त बघायचं तर न्यू जर्सीत बघायला हवं.

आता एकच धास्ती होती. श्रीनिवासनेही न्यू जर्सीतच कंपनी काढायला घेतली तर? तर पहिल्याच दिवशी त्याला कळणार, नाव गेलेलं आहे. तो खांदे उडवणार, 'दादाज पूजा' नाहीतर 'काकाज पूजा' असं काहीतरी करणार आणि पेट्या छापायच्या आधीच सुटणार. फुकट सुटणार. ढोकळा खात सुटणार. ते सुचेताला नको होतं. त्याने पेट्या छापायला हव्या होत्या. माल जहाजात चढायला हवा होता. तो न्यू जर्सीत उतरायला हवा होता. त्यासाठी श्रीनिवासने न्यू जर्सी सोडून दुसरं कुठलंही राज्य निवडायला हवं होतं.

हे कसं घडवायचं? सुचेताला श्रीनिवासबद्दल एक गोष्ट पक्की माहीत होती, आणि ती पुरेशी होती.

मंडळाची संक्रांत जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, लंडनजवळ स्लावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. बायका काळ्या साड्यांवर जाड कोट घालून आल्या होत्या. लुटायला प्लॅस्टिकचे डबे. कार्यक्रम संपल्यावर नेहमीप्रमाणे पुरुषमंडळी चहाच्या टाकीभोवती जमली. मराठी मंडळात चहाची टाकी म्हणजे सुप्रीम कोर्ट. तिथे मॉर्गेज, शाळा, व्हिसा, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळ्यांचे निकाल लागतात, आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही तो सगळ्यात मोठ्याने बोलतो.

"मग काय श्रीनिवास, अमेरिका?"

"होय. फक्त स्टेट ठरायचंय."

"नेवाडा! टॅक्स नाही."

"टेक्ससला काढ. माझा मेव्हणा आहे तिथे."

"अरे, मेव्हण्याच्या गावात कंपनी काढतात का कुणी? डेलावेअर! डोळे मिटून डेलावेअर."

"तोच विचार आहे," श्रीनिवास म्हणाला, "पण दुकानवाल्यांचा अकाउंटंट म्हणतोय न्यू जर्सीलाच काढा, सोपं पडेल. बघू."

हे सुचेताने ऐकलं. तिळगुळाची वाटी हातात घेऊन ती टाकीकडे निघाली. तिला येताना पाहून सगळे गप्प झाले, कारण दोघांचं वाजलेलं सगळ्यांना ठाऊक. अर्चनाला तर उकळ्या फुटल्या. "या, या! आज संक्रांत आहे बाई, आज अबोला नाही चालायचा. द्या बघू एकमेकांना तिळगूळ."

सुचेताने वडी श्रीनिवासच्या तळहातावर ठेवली. लोकांनी "अरे वा" केलं. श्रीनिवास मोठ्या मनाने हसला. जिंकलेल्या माणसाला मोठं मन फार स्वस्तात पडतं.

"गोड बोलायचं म्हणतात ना आज," सुचेता म्हणाली, "तर खरं तेच सांगते. तो अकाउंटंट बरोबर सांगतोय. जिथे माल उतरणार, जिथे दुकानं, तिथेच कंपनी काढ. न्यू जर्सी. नाव तिथे मोकळं आहे का ते आधी बघ, मग पेट्या छाप."

मग टेक्ससवाला फिसकन हसला. श्रीनिवासने वडी तोंडात टाकली, सावकाश चावली.

"सुचेता, तुझ्या लेव्हलचा धंदा असता ना, बॅगेत घालून न्यायचा, तर मीपण न्यू जर्सी केलं असतं," तो म्हणाला. "आम्ही नॅशनल विचार करतोय. उद्या कॅलिफोर्निया, परवा शिकागो. पत्त्यावर डेलावेअर दिसलं की समोरचा माणूस सरळ बसतो."

"मी आपलं सांगितलं," सुचेता म्हणाली. "वीस जणांदेखत सांगितलं."

"थँक यू हं. तिळगुळाबद्दल." पुन्हा हशा.

परतताना गाडीत रीडिंगचा एक्झिट आला तेव्हा विनय म्हणाला, "तू त्याला खरंच वाचवायला गेलीस का?"

"मी त्याला दार दाखवलं. उघडं दार. तो माझ्या हाताकडे बघत राहिला."

"आणि त्याने ऐकलं असतं तर?"

"तर तो श्रीनिवास नसता."

सोमवारी सकाळी श्रीनिवासने डेलावेअरला कंपनी काढली. अर्चनाने दुपारपर्यंत बातमी पोचवली. म्हणाली, तो म्हणत होता, सुचेताने न्यू जर्सी म्हटलं तेव्हाच माझं डेलावेअर फायनल झालं.

सुचेताने त्या दिवशी शिरा केला.

मग ती नुसती थांबली. सूड म्हटलं की लोकांना वाटतं आरडाओरडा, तोडफोड. त्यातला बराचसा भाग वाट बघण्यातच जातो. एप्रिलमध्ये पेट्या छापून झाल्या. चार हजार, पुठ्ठा जाड, नाव सोनेरी उठावाचं, खाली 'डेलावेअर, यूएसए'. नीनाने नमुना मंडळात फिरवला. सुचेताच्या हातात आला तेव्हा तिने वडिलांच्या नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "सुंदर आहे. पुसलं जायचं नाही."

"एम्बॉसिंग आहे ना," नीना कौतुकाने म्हणाली.

जूनमध्ये मुंबईहून माल निघाला. जुलैत न्यू जर्सीच्या गोदामात उतरला. आणि मग त्या दुकानांच्या अकाउंटंटने, ज्याचं ऐकलं नव्हतं त्यानेच, साधी मागणी केली. न्यू जर्सीत धंदा करायची परवानगी दाखवा. श्रीनिवासने अर्ज केला. उत्तर आलं, हे नाव या राज्यात आधीच दिलेलं आहे, तुम्ही दुसऱ्या नावाने या. पाठोपाठ मनीषाच्या वकिलाने दुकानवाल्यांना कळवलं की या नावाच्या पेट्या आम्ही इथे तीन वर्षं विकतोय, शाळेतली शंभर माणसं सांगतील. दुकानवाले पटेल. देवावर त्यांची श्रद्धा होतीच, वकिलांवर जास्त होती. त्यांनी माल घ्यायचं थांबवलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी लोअर अर्लीच्या दाराची बेल वाजली. श्रीनिवास आणि नीना. यावेळी आंबे नव्हते.

सुचेताने चहा टाकला. माणूस कुठलाही असो, चहा टाकायचा. श्रीनिवास सोफ्याच्या कडेवर बसला, जणू सोफा तापलेला होता.

"तू मला फसवलंस," तो म्हणाला.

"मी?" सुचेताने कप पुढे केला. "मी तर न्यू जर्सी सांगितलं. नाव बघ म्हटलं. तिळगूळ देऊन म्हटलं. विचार अर्चनाला, ती शब्दन् शब्द सांगेल."

"तुला माहीत होतं मी ऐकणार नाही!"

"मग त्याला मी काय करू? तुझ्या स्वभावावर माझे साठ टक्के नाहीत."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या विनयने छताकडे बघितलं. हसू दाबायचं होतं त्याला.

श्रीनिवासने कोट काढला, घाम पुसला, आवाज खाली आणला. आता तो बँकेतला श्रीनिवास झाला. "ओके. झालं ते झालं. मी चांगली ऑफर घेऊन आलोय. तुला परत डायरेक्टर करतो. फिफ्टी-फिफ्टी. आणि पुढच्या वर्षीपासून सीडीत अण्णांचा आवाज. खोकला, कुत्रं, सगळं. लिहून देतो. तू फक्त यंदा, एवढ्या मालापुरती, न्यू जर्सीत आम्हाला नाव वापरू दे. फक्त यंदा."

विनयने सुचेताकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, घे. हेच तर हवं होतं. नाव परत, आवाज परत, इंग्लंडातसुद्धा. फक्त एक वर्ष.

सुचेतालाही ते कळत होतं. ती मूर्ख नव्हती. तिने मनातल्या मनात चार हजार घरं डोळ्यांसमोर आणली. चार हजार चौरंग, पुढे बसलेली माणसं, नव्या झग्यातल्या मुली. पेटीवर अण्णांचं नाव. आणि कुणीतरी बटण दाबतं आणि तो घोटीव बासरीवाला बोलायला लागतो. ती सगळी माणसं जन्मभर त्यालाच अण्णा समजणार.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही? कुठली अट नाही?"

"काहीच नाही. त्या पेट्यांवरून माझ्या बापाचं नाव निघेल. मग तू त्या विक, नाहीतर डेलावेअरला नेऊन पूज. तिथला माणूस सरळ बसेल."

"सुचेता, माझं घर आहे गं त्यात!"

"माझे वडील आहेत."

मग नीना पुढे सरकली. ती रडत होती. खरं रडत होती, ते सुचेताने ओळखलं. नीनाने तिचा हात धरला. "सुचेता, अगं, आवाज बदलू नका असं मी तेव्हाच म्हणत होते. पण आता... अण्णाच सांगायचे ना, दुसऱ्याने वाकडं केलं तर देवापुढे सोडून द्यायचं, मनात घेऊन उठायचं नाही. त्यांच्यासाठी तरी."

सुचेताने हात सोडवून घेतला. हळूच, एकेक बोट.

"ते वाक्य तुमच्या सीडीत नाही, नीना. तुम्ही कापलंत."

श्रीनिवास उठला. दारात बुटाची नाडी बांधताना त्याच्या हाताला ती सापडेना, आणि सुचेता उभी राहून बघत होती. तिने मदत केली नाही, नजरही वळवली नाही. चहा तसाच गार झाला. तिने तो सिंकमध्ये ओतला आणि कप दोनदा धुतला.

पुढचं मनीषाने फोनवर सांगितलं. श्रीनिवास रजा काढून स्वतः गेला. गोदामात खुर्ची टाकून बसला आणि पेटी-पेटीवर पांढरे स्टिकर चिकटवले, दुसऱ्या कुठल्याशा नावाचे. उठावाची अक्षरं स्टिकरच्या खालून टेंगळासारखी वर यायची. "बोट फिरवलं की अण्णा लागतात गं हाताला," मनीषा म्हणाली आणि हसत सुटली. पटेलांनी अर्ध्याहून कमी माल घेतला, तोही कोपऱ्यात. बाकीचा गोदामातच. गणपती गेल्यावर पूजेची पेटी कोण घेतो? दर्शनी फळीवर मनीषाच्या पेट्या होत्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुचेता फुलं आणायला साउथॉलला गेली. येताना तिने सरळ रस्ता सोडला आणि गाडी ईलिंगला घेतली. मुद्दाम. मागल्या गल्लीतून बघितलं तर बेहेऱ्यांच्या एक्स्टेन्शनच्या विटा कमरेइतक्या उंच येऊन थांबल्या होत्या, वर निळी ताडपत्री. वाऱ्याने तिचा एक कोपरा सुटून फडफडत होता. वरच्या खिडकीत नीना उभी होती. दोघींची नजरानजर झाली. सुचेताने गाडी हळू केली, पुरतं बघून घेतलं आणि मग गिअर बदलला. आत कुठेतरी कालवाकालव होईल अशी तिने रीडिंगपर्यंत वाट बघितली. झाली नाही. उलट भूक लागली.

सकाळी चौरंग मांडला. विनय सोवळं नेसून बसला, दर वर्षीसारखा उलट्या निऱ्या काढून. सुचेताने सीडी लावली. अण्णा खोकले. आचमन झालं, कलश झाला, गणपतीत प्राण आले. कुत्रं भुंकलं. "हं, त्यालाही प्रसाद ठेवा." विनयने मागल्या अंगणातलं गवत वाहिलं. नैवेद्य झाला, आरती झाली, फुलं वाहून झाली.

"आता हात जोडा," अण्णा म्हणाले.

विनयने डोळे मिटून हात जोडले. खट आवाज झाला. त्याने डोळे उघडले. सुचेताचं बोट प्लेअरच्या बटणावर होतं.

"अगं, शेवटचं राहिलं ना?"

"राहू दे यंदा," सुचेता उठत म्हणाली. "पानं घे. मोदक गार होतायत."